हा आकडा कधीचा?

आपल्या मराठी भाषेला शिळेपणाची फार बारीक जाण आहे. पोळी शिळी होते. पण दूध शिळे होत नाही, ते नासते. भाजी उतरते, आमटी आंबते, तूप खवट होते, पापड सादळतात, पिठाला जाळी धरते, आणि बातमी मात्र पोळीसारखी शिळी होते. ज्या घरात ही क्रियापदे रोज वापरली जातात तेथे आणखी एक विद्या आपोआप येते. कोणता पदार्थ किती टिकतो याचे कोष्टक भिंतीवर कोठे टांगलेले नसते, तरी ते सर्वांना पाठ असते. ताक संध्याकाळपर्यंत, ओल्या खोबऱ्याची चटणी दुसऱ्या दिवशी नको, चकली बंद डब्यात पंधरा दिवस, लोणचे वर्षभर. दिवाळीत तर ही विद्या अगदी कसाला लागते. ओल्या नारळाच्या करंज्या आधी संपवायच्या आणि सुक्या खोबऱ्याच्या मागून, हे पाहण्यासाठी कोणी पाकशास्त्राचे पुस्तक उघडत नाही.

ज्याला एवढे कळते त्याला माझ्या धंद्यातले अर्धे शास्त्र कळले असे मी समजतो. मी भिवंडीला एका गोदामाच्या कचेरीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. दिवाळीला घरी आलेली मंडळी फराळाची बशी हातात घेऊन विचारतात, "म्हणजे तुम्ही नक्की करता तरी काय?" मी सांगतो, "खिडक्या बांधतो, आणि त्या खिडक्यांतून जाणारा माल शिळा आहे की ताजा ते पाहतो." मंडळी हसतात. त्यांना वाटते, यांनी थट्टा केली. पण यात थट्टेचा भाग फारसा नाही.

आधी खिडकीचे सांगतो. रेल्वे स्टेशनावर तिकिटाची खिडकी असते. आपण बाहेर उभे राहतो, कोठे जायचे ते सांगतो, पैसे सरकवतो. आतून तिकीट येते. आतल्या कपाटात काय आहे, हिशेबाची वही कोणती, कारकुनाने डबा कोठे ठेवला, हे आपल्याला दिसत नाही आणि दिसायचे कारणही नाही. खिडकी एवढेच वचन देते, की ठरलेल्या रीतीने विचाराल तर ठरलेल्या रीतीने उत्तर मिळेल. संगणकाच्या जगात अशा खिडक्यांच्या सबंध व्यवस्थेला एपीआय म्हणतात आणि एकेका खिडकीला एंडपॉइंट. फरक इतकाच, की येथे खिडकीबाहेर माणूस नसतो, दुसरा प्रोग्रॅम असतो. तुमच्या हातातल्या फोनवर "तुमचे पार्सल भिवंडीहून निघाले आहे" असे उमटते ना? त्या वेळी तुमच्या फोनने कोठल्या तरी एंडपॉइंटपाशी जाऊन पार्सलचा क्रमांक सरकवलेला असतो आणि खिडकीतून आलेली चिठ्ठी तुम्हांला वाचून दाखवलेली असते.

चांगल्या खिडकीला काही शिष्टाचार असतात. तिच्यावर पाटी स्पष्ट हवी. तिने विचारले तेवढेच सांगावे. गाडी कधी सुटते असे विचारणाऱ्याला इंजिनाचा इतिहास ऐकवू नये. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे. या शेवटच्या शिष्टाचाराचा पडद्यावरचा ४०४ हा आकडा सर्वांनी पाहिलेला असतो. पुष्कळांना तो पाहून राग येतो. मला तो आकडा आवडतो. मागितलेली वस्तू येथे नाही, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या सरळपणे सांगणारी कचेरी मी अजून पाहिलेली नाही.

आता शिळ्या-ताज्याकडे वळू. खिडकीतल्या कारकुनाने प्रत्येक प्रश्नाला उठून, जिना चढून, माळ्यावरची मूळ वही उघडायची म्हटली तर रांग स्टेशनाबाहेर जाईल. म्हणून शहाणा कारकून काय करतो? जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरे एका कागदावर उतरवून टेबलावर ठेवतो. संगणकही नेमके तेच करतो. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका छोट्याशा लेखात ही कल्पना मांडली: मोठ्या पण मंद स्मृतीच्या जोडीला एक लहान पण चपळ स्मृती द्यावी, आणि नेहमी लागणारे तेवढे तिच्यात ठेवावे. १९६८ मध्ये आयबीएमच्या एका मोठ्या यंत्रात अशी स्मृती आली, आणि तिला कॅश हे नाव मिळाले. रोकड म्हणतो ती ही कॅश नव्हे, जरी दोन्हींचा उच्चार आपण सारखाच करतो. हा शब्द फ्रेंच. अर्थ, लपवून ठेवलेला साठा. अरण्यात फिरणारे शिकारी परतीच्या वाटेवर उपयोगी पडावा म्हणून शिधा पुरून ठेवीत, त्याला हे नाव होते.

भिवंडीकराला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, कारण तो कॅशमध्येच राहतो. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली, तिकडे सोनाळे, वडपे, पडघा, जिकडे पाहावे तिकडे पत्र्याची गोदामे. एके काळी भिवंडी म्हटले की मागांचा खडखडाट. तो अजून आहेच, पण त्याच्या भोवतीने हे दुसरे गाव उभे राहिले. ते येथेच का उभे राहिले? मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे, आणि मुंबईत जागा महाग. तेव्हा व्यापाऱ्याने माल हद्दीबाहेर, पण हाताशी ठेवायचा आणि रोज लागेल तेवढाच आत न्यायचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. कारण दूरच्या वस्तूचा जवळ साठा ठेवण्याचे सुख माणसाला एकदा कळले की ते तो सोडत नाही.

पण साठा म्हटला की शिळेपणाची भीती आली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. शिळी माहिती म्हणजे खोटी माहिती नव्हे. ती एके काळची खरी माहिती असते. आपली पंचांगे घ्या. पंचांग हाही एक साठाच. रोज आकाशाकडे पाहून गणित करत बसायला नको म्हणून वर्षभराची उत्तरे आगाऊ काढून ठेवलेली. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला, आणि त्या सुटसुटीत गणितावर महाराष्ट्रातली पंचांगे पिढ्यान् पिढ्या चालली. गणेश दैवज्ञांचे चुकले असे कोणी म्हणू नये. पण तीन-साडेतीन शतकांत थेंबे थेंबे अंतर साचले. पुस्तकातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची जागा जमेना. मग केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली, आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. लोक काही एका दिवसात तिकडे वळले नाहीत. वाद झाले, परिषदा झाल्या, लोकमान्य टिळकांनाही त्यात लक्ष घालावे लागले. साठा ताजा करणे हे केवळ गणिताचे काम नसते. जुन्या आकड्याची माणसाला सवय झालेली असते.

आमच्या धंद्यात साठा ताजा करण्याच्या मुख्यतः तीन रीती आहेत, आणि तिन्ही तुमच्या घरी चालतात. पहिली मुदतीची. डब्यावर मनातल्या मनात तारीख घालायची; ती उलटली की आतले काढून टाकायचे आणि नवे भरायचे, मग ते बिघडलेले असो वा नसो. दुसरी प्रसंगाची. मुदतीची वाट पाहायची नाही. मूळ वहीत खाडाखोड झाली की त्याच क्षणी टेबलावरचा कागद फाडायचा. गोदामातून खोके बाहेर पडले की पाटीवरचा आकडा पुसायचा, तशी. तिसरी रीत थोडी चतुराईची. आलेल्याला जुने उत्तर देऊन वाटेला लावायचे आणि त्याची पाठ वळताच पोऱ्याला माळ्यावर पिटाळून नवे आणवायचे, म्हणजे पुढल्या माणसाला ताजे मिळेल. पाहुणे आल्यावर सकाळचा चहा गरम करून पुढे ठेवायचा आणि आत दुसरे आधण चढवायचे, त्यातलाच हा प्रकार.

तिन्ही रीती ऐकायला सोप्या आहेत. अडचण एकच आहे: कोठे कोणती लावायची? पहिलीत मुदत लांब ठेवली तर माल शिळा, आखूड ठेवली तर माळ्यावरच्या खेपा वाढतात आणि प्रत्येक खेपेला पैसे पडतात. दुसरीत कागद फाडायला कोणी विसरले की जुना आकडा अमर होतो. तिसरीत पहिल्या गिऱ्हाइकाच्या नशिबी नेहमी जुनेच येते. तेव्हा निवड करणाऱ्याने कोणाचे हित पाहायचे, हा प्रश्न उरतो. तो प्रश्न यंत्राचा नाही, हे मला पुस्तकातून कळले नाही. आमच्या गोदामातल्या हमालांच्या मुकादमाने ते मला शिकवले.

मी पूर्वी ज्या ठिकाणी होतो तेथली ही गोष्ट. तेथे मी जाण्याआधीपासून एक सोय केलेली होती. दुसऱ्या दिवशी किती गाड्या येणार ते मुकादमाला फोनवर दिसे. हमालांची मजुरी खोक्यांवर. गाड्या आल्या तर हाताला काम, नाही तर नाही. मुकादम तो आकडा पाहून पहाटे ठरवायचा, की आज टोळीत किती माणसे न्यायची. साताऱ्याकडचे साठीचे गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. एके दिवशी फोनवर चौदा गाड्या दिसत होत्या, म्हणून मामांनी बावीस माणसे आणली. गाड्या आल्या पाच. उरलेल्या नऊ रात्रीतून दुसऱ्या गोदामाकडे वळवल्या होत्या; पण पडद्यावरचा आकडा होता रात्री दहाचा, आणि तो सकाळी आठपर्यंत तसाच ठेवायचा असे ठरलेले होते. निम्मी माणसे दुपारपर्यंत पत्र्याच्या सावलीत बसून राहिली आणि रिक्षाचे पैसे पदरचे घालून घरी गेली. दुसऱ्या नाक्यावर उभे राहण्याची वेळही तोवर टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मामा कचेरीत आले. मला वाटले, आता भांडतील. ते भांडले नाहीत. फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "साहेब, गाड्या किती ते यात दिसतं. पण हा आकडा कधीचा, ते कुठं दिसतं?"

मी फोनकडे पाहत राहिलो. कोठेच दिसत नव्हते. चौदाचा आकडा मोठा, ठसठशीत, हिरव्या रंगात. आणि त्याच्या वयाचा पत्ता नाही. अधिक चौकशी केली तेव्हा कळले, की मूळ यंत्राला विचारण्याच्या खेपा वाढल्या तर महिन्याचे बिल वाढते, म्हणून ती दहा तासांची मुदत. बचत होत होती यात शंका नाही. पण ती बचत एका खिशात जात होती आणि तिची किंमत दुसऱ्या खिशातून दिली जात होती. ज्याने मुदत ठरवली त्याला शिळेपणाचा उपद्रव नव्हता; ज्याला उपद्रव होता त्याला मुदत आहे हेच ठाऊक नव्हते. मामांच्या एका प्रश्नाने एवढे सगळे उघडे केले.

मी नवी खिडकी बांधायला घेतली. तिचे उत्तर दोन भागांत ठेवले: गाड्या किती, आणि हे केव्हा समजले. मुदतीही बदलल्या. रात्री माणसे झोपलेली असतात, तेव्हा अर्ध्या तासाने विचारले तरी पुरे. पण पहाटे चार ते सात, ज्या वेळी टोळीचा निर्णय होतो, त्या वेळी दर पाच मिनिटांनी. शिवाय गाडी वळवल्याची नोंद झाली रे झाली, की साठवलेला आकडा लगेच पुसायचा. आणि मूळ यंत्राकडून उत्तरच आले नाही तर जुना आकडा नव्याच्या दिमाखात न दाखवता सरळ लिहायचे, "आत्ता माहिती मिळत नाही, शेवटची माहिती पहाटे ४ वाजून १० मिनिटांची."

यावर वरिष्ठांचा आक्षेप आला, तो बिलाविषयी असेल असे मला वाटले होते. पण बिल थोडेसेच वाढत होते. त्यांना खुपली ती वेळ. "माहिती चाळीस मिनिटांपूर्वीची असं आपणच लिहायचं म्हणजे आपली यंत्रणा मागासलेली आहे असं कबूल करण्यासारखं नाही का?" हे गृहस्थ काही वाईट नव्हते. आपल्या दुकानातली मिठाई कालची आहे हे काचेवर लिहायला कोणता हलवाई आपण होऊन तयार होतो? मी म्हटले, "साहेब, वेळ लिहिली नाही तर माहिती ताजी होते थोडीच? फक्त ती शिळी आहे हे मामांना दुपारी कळतं." पुष्कळ बोलणे झाले. शेवटी महिनाभर करून पाहू असे ठरले, आणि तो महिना पुढे संपलाच नाही. काही दिवसांनी मामा भेटले तेव्हा म्हणाले, "आता तुमच्या पाटीवर भरवसा बसला. कधी कधी ती 'मला माहीत नाही' म्हणते." माझ्या कामाला मिळालेले इतके नेमके प्रशस्तिपत्र माझ्याजवळ दुसरे नाही.

मौज अशी, की मामांचा प्रश्न या विद्येच्या मूळ नियमावलीत फार पूर्वीच लिहिलेला आहे. वेबवरच्या यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम ठरलेले आहेत. त्यांत साठवलेल्या उत्तरासाठी शब्द वापरले आहेत ते चक्क ताजे आणि शिळे. १९९७ च्या नियमावलीत उत्तराबरोबर त्याचे वय सेकंदांत सांगण्याची सोय झाली. उत्तर शिळे असेल तर तशी वेगळी सूचना जोडण्याचीही सोय झाली. वयाची सोय आजही आहे. शिळेपणाची ती सूचना मात्र जून २०२२ च्या नियमावलीने रद्द केली. कारण दिले असे, की ती फारसे कोणी पाठवीत नाही आणि पाठवली तरी ती माणसापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे पंचवीस वर्षे डब्यावर चिठ्ठी लावण्याची व्यवस्था होती. लावणारा लावीत नव्हता, आणि लावलीच तर वाढणारा काढून टाकीत होता. नियमावलीने निमूटपणे चिठ्ठीचा खण बंद केला. तेव्हा आता वय सांगण्याची जबाबदारी खिडकी बांधणाऱ्यावर आणि पडदा रंगवणाऱ्यावर अधिकच पडली.

येथे कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? प्रत्येकाला प्रत्येक वेळी मूळ वहीतूनच उत्तर द्या! त्याला मी भिवंडीचे माग दाखवीन. पूर्वी येथे भारनियमन फार. वीज गेली की हजारो माग एकदम मुके होत, आणि वीज आली की सगळे एकदम खडखडू लागत. मोटर सुरू होताना नेहमीच्या चालीपेक्षा कित्येक पट वीज ओढते. सगळ्या मोटरी एकाच क्षणी जाग्या झाल्या की फ्यूज उडायचा धोका. जाणता मागवाला म्हणूनच सगळी बटणे एकदम दाबत नसे. एक माग लावायचा, तो चालीला लागला की दुसरा. साठवलेल्या माहितीचेही असेच आहे. मुदत संपते त्या क्षणी हजार फोन एकाच वेळी मूळ यंत्रावर तुटून पडले तर यंत्र मान टाकते, आणि मग ताजेही नाही नि शिळेही नाही. म्हणून एकालाच माळ्यावर पाठवायचे, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचे आणि त्याने आणलेले सगळ्यांनी वाटून घ्यायचे. निरनिराळ्या साठ्यांच्या मुदतीही मुद्दाम थोड्या मागेपुढे ठेवायच्या. साठा हवाच. साठ्यावाचून गर्दीला उत्तर देता येत नाही.

ही गर्दी सबंध देशाने एकदा पाहिली. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांसाठी कोविनवर लसीची नोंदणी खुली झाली. पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे घातली. कोविनच्या खिडक्या सर्व प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना खुल्या होत्या. पिनकोड किंवा जिल्हा सांगावा, कोठे जागा आहे ते कळावे. भिवंडीचा ४२१३०२ हा पिनकोड त्या दिवसांत कितीजणांनी कितीदा टाकला असेल! हुशार मुलांनी दर काही सेकंदांनी विचारणारे प्रोग्रॅम लिहिले. चेन्नईच्या एका तरुणाने जागा सापडली की कळवणारी सोय करून दिली आणि तिची देशभर चर्चा झाली. मग मे महिन्यात सरकारने बंधने घातली. एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच प्रश्न, आणि उत्तर अर्ध्या तासापर्यंत जुने असू शकेल, असे खिडकीवर स्पष्ट लिहिले.

मामांच्या कसोटीला हे उतरते. वय सांगितले होते, लपवले नव्हते. यंत्र पडू नये म्हणून साठाही आवश्यक होता. तरीही या पाटीजवळ मी बराच वेळ थबकलो. लस थोडी, मागणारे फार. जागा दिसल्यापासून संपेपर्यंत कधी मिनिटही लागत नसे. अर्धा तास जुने लोणचे ताजेच असते. अर्धा तास जुना चहा टाकून द्यावा लागतो. ज्या वस्तूचे आयुष्य मिनिटाचे, तिचे अर्ध्या तासापूर्वीचे वर्तमान प्रामाणिक असले तरी कोणाच्या उपयोगाचे? आणि ज्याच्याजवळ चांगला फोनच नाही त्या माग चालवणाऱ्याला तर खिडकीच नव्हती. २१ जून २०२१ पासून आधी नोंदणी न करता थेट केंद्रावर जाऊन नाव घालण्याची सोय सर्वत्र झाली, तेव्हा रांगेत उभे राहण्याचे साधे बळ पुन्हा कामी आले. माझ्या धंद्यातल्या माणसाने सांगू नये, पण सांगतो: काही वेळा उत्तम एंडपॉइंट म्हणजे टेबलामागे बसलेली एक परिचारिका आणि तिच्यापुढची वही.

म्हणून मी आता नव्या मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवतो. पहिला मामांचा: हा आकडा कधीचा? दुसरा घरातल्या स्वयंपाकघराचा: हा पदार्थ किती टिकतो? दोन्हींची उत्तरे जुळली की मग मुदत ठरवावी. आणि मुदत ठरवताना खिडकीच्या आत बसून ठरवू नये. एकदा उठून बाहेर रांगेत उभे राहावे. दुकानाच्या पानावर नुसते चाळत बसलेल्याला दहा मिनिटांपूर्वीचा साठा दाखवला तरी चालेल. पण मुलाच्या मापाचा शेवटचा सदरा दिवाळीसाठी घ्यायला ज्याने बोट टेकवले, त्या क्षणी टेबलावरचा कागद बाजूला सारून मूळ वही उघडलीच पाहिजे. पाहणाऱ्याला शिळे चालते. घेणाऱ्याला ताजेच लागते. एवढे पथ्य पाळले तर एकच सदरा दोन घरांना विकला जात नाही आणि ऐन सणात एका मुलाचे तोंड उतरत नाही.

ही दृष्टी एकदा आली की ती कचेरीपुरती राहत नाही. माणसांविषयीची आपली मते तरी काय असतात? साठवून ठेवलेली उत्तरेच. अमका आळशी, तमकी भांडखोर, धाकटा दीर चिक्कू. एके काळी पाहिले होते, तेव्हा खरेही असेल. पण वीस वर्षांत आपण मूळ वही उघडलेलीच नसते, आणि आकडा मात्र मनाच्या पडद्यावर ठसठशीत हिरवा. भाऊबीजेला वर्षाने एकदा बहीणभाऊ समोरासमोर बसतात, तेव्हा अशा किती साठ्यांची मुदत संपलेली असते ते ओवाळताना कळते.

दिवाळी अंकाचा तरी प्रकार वेगळा काय आहे? श्रावणात लिहायचे, भाद्रपदात छापायचे, आश्विन-कार्तिकात वाचायचे. कोणत्याच लेखकाने ताजेपणाचा फार तोरा मिरवू नये. पण या अंकांची एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. मुखपृष्ठ कितीही नटवलेले असो, वर्ष त्यावर ठळक छापलेले असते. रद्दीवाल्याकडे वीस वर्षांपूर्वीचा अंक हाती आला की आपण आधी ते वर्ष पाहतो, आणि मग तोच मजकूर निर्धास्तपणे, गोडीने वाचतो. त्यातले भाव उतरलेले असतात, नटनट्या म्हाताऱ्या झालेल्या असतात, तरी आपल्याला कोणी फसवले असे वाटत नाही. आणि त्यातली एखादी गोष्ट तर लोणच्यासारखी मुरून अधिकच चवदार झालेली असते.